पहिले हजार दिवस आणि ऊसतोडीचा हंगाम

बालदारिद्र्य म्हणजे गरीब घरात जन्माला आलेल्या मुलांची संख्या एवढाच अर्थ घेतला, तर या संज्ञेतील सर्वांत गंभीर भाग नजरेआड होतो. प्रौढ माणसाचे दारिद्र्य मुख्यतः मिळकतीच्या तुटीचे असते आणि मिळकत वाढली की ती तूट, निदान तत्त्वतः, भरून निघू शकते. लहान मुलाचे दारिद्र्य मात्र त्याच्या शरीरात साठत जाते, कारण हाडांची वाढ, मेंदूतील पेशींची जोडणी आणि आजाराशी झुंजण्याची ताकद या गोष्टी ज्या मुदतीत घडतात, ती मुदत घरात चार पैसे येण्याची वाट पाहत थांबत नाही. गर्भावस्थेचे सुमारे २७० दिवस आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून होणाऱ्या या काळाला पोषणशास्त्रात ‘पहिले हजार दिवस’ म्हणतात. या काळात वयाच्या मानाने उंची खुंटली, तर त्या अवस्थेला खुरटेपणा म्हणतात, आणि दुसऱ्या वाढदिवसानंतर कितीही खाऊ घातले तरी तो बहुतांशी भरून येत नाही. उंचीच्या मानाने वजन घटले, तर त्याला लुकडेपणा म्हणतात. तो थोड्या आठवड्यांच्या उपासमारीने किंवा जुलाबानेही येतो आणि वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीव घेतो.

या विषयाचा विचार करण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याइतका, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरइतका, बोलका प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४५ लाखांच्या वर होती. त्याच्या उत्तरेला गोदावरी, प्रवरा आणि मुळेच्या कालव्यांवर पोसलेला उसाचा पट्टा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगर येथे उभा राहिलेला आणि १९५० मध्ये गाळप सुरू केलेला सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातला. दक्षिणेला आणि पूर्वेला मात्र जामखेड, पाथर्डी, कर्जत हे पर्जन्यछायेतील तालुके आहेत, जिथे पाऊस हुलकावणी देतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. पश्चिमेकडच्या अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी आणि ठाकर आदिवासींच्या वाड्या आहेत. ऊस पिकवणारे, ऊस तोडणारे आणि डोंगरउतारावर भात-नागलीवर जगणारे असे तीन समाज एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारक्षेत्रात राहतात. बालकांचे आरोग्य कमी खर्चात कसे सुधारता येते याचा विसाव्या शतकातील सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगांपैकी एक याच जिल्ह्यात झाला, आणि त्या प्रयोगाचा गाभा ज्यांच्यापर्यंत अजून नीट पोहोचलेला नाही अशी मुलेही याच जिल्ह्यात आहेत.

तो प्रयोग जामखेडचा. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले, १९६० च्या दशकात नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले आणि तिथे त्यांना दिसले की बरे करून घरी पाठवलेली मुले त्याच आजाराने पुन्हा परततात, कारण आजार जिथे तयार होतो ते घर, ते पाणी आणि ते ताट बदललेले नसते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेड येथे त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभीची योजना प्रशिक्षित परिचारिकांना गावोगाव नेमण्याची होती. ती फसली, कारण बाहेरून आलेल्या परिचारिकेला गावात राहणे अवघड जाई आणि तिचे सांगणे गावाला परके वाटे. मग गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळदा दलित किंवा परित्यक्ता असलेल्या स्त्रियांना ग्रामआरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार करण्याचे ठरले. या स्त्रिया आठवड्यातून एकदा जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि शिकलेली गोष्ट परत गावात जाऊन घरोघरी सांगत. ज्या समाजात एका जातीच्या बाईने दुसऱ्या जातीच्या बाईचे पाणी पिणे हाच गुन्हा मानला जात होता, तिथे हे एकत्र जेवण अभ्यासक्रमाइतकेच महत्त्वाचे होते, कारण उद्या याच बाईला गावातील प्रत्येक जातीच्या बाळंतिणीच्या खोलीत शिरायचे होते.

प्रकल्पाच्या पहिल्याच वर्षांत महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला. लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती, अन्न आणि पाण्याची होती, आणि आरोळे दांपत्याचे मोठेपण हे की त्यांनी ती मागणी आरोग्याबाहेरची म्हणून टोलवली नाही. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली, त्यांची व्यवस्था गावोगावच्या शेतकरी मंडळांनी उचलली, आणि कूपनलिका खोदताना जागा शक्यतो दलित वस्तीत धरल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला त्या वस्तीत यावे लागेल. पुढे महिला मंडळे झाली आणि त्यांतून बचत, कर्ज व छोटे उद्योग आले. कार्यकर्तीचे रोजचे काम मात्र अगदी साधे होते: गरोदर बाईने बाळ लहान राहावे म्हणून कमी खाण्याची प्रथा मोडणे, बाळंतपणानंतरचा चीक टाकून न देता तो बाळाला पाजायला लावणे, जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडण्याऐवजी मीठ-साखरेचे पाणी पाजणे, सहा महिन्यांच्या बाळाला मऊ वरणभात किंवा भाकरीचा काला भरवायला सांगणे, आणि दर महिन्याला वजन करून ते तक्त्यावर मांडणे. वजनाचा हा तक्ता, ज्याला वृद्धिपत्रक म्हणतात, निरक्षर आईलाही समजतो. रेघ वर चढते आहे की सपाट झाली आहे एवढेच तिला पाहायचे असते.

याचा परिणाम आकड्यांत असा दिसला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. देशाचा तेव्हाचा बालमृत्युदर १२९ होता. पाच वर्षांत, म्हणजे १९७६ पर्यंत, प्रकल्पाच्या गावांतील दर ५२ वर आला आणि १९९० च्या दशकात २० ते २५ च्या घरात स्थिरावला. पाच वर्षांखालील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण याच काळात सुमारे ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास उतरले. या आकड्यांतील सर्वांत विचार करायला लावणारा टप्पा पहिला आहे, कारण मृत्युदराची मोठी घसरण शतकातील भीषण दुष्काळांपैकी एकाच्या काळात झाली. कुटुंबांचे उत्पन्न तेव्हा वाढलेले नव्हते, उलट ते बुडाले होते. गरिबी संपेपर्यंत मुलांचे मरण अटळ आहे हा समज यापेक्षा स्पष्टपणे कोणी खोडून काढलेला नसेल. संस्थेच्या स्वतःच्या नोंदींवर विसंबणे योग्य नाही असा आक्षेप घेता येतो आणि तो रास्तही आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासातही, वयाचा पहिला महिना ओलांडलेल्या मुलांच्या मृत्यूचा धोका जामखेड प्रकल्पाच्या गावांत आसपासच्या इतर गावांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी आढळला, आणि तोही प्रकल्पाला कित्येक दशके उलटल्यावर.

जगाने जामखेडची दखल लवकर घेतली. लोकांनी लोकांसाठी चालवलेल्या आरोग्यसेवेवर जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते, ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा करणारी अल्माआटाची परिषद १९७८ मध्ये झाली, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि रजनीकांत आरोळे २०११ मध्ये निवर्तले. संस्थेचे काम पुढच्या पिढीने चालू ठेवले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव जी ‘आशा’ कार्यकर्ती नेमली, तिच्या पूर्वसुरींमध्ये जामखेडची कार्यकर्ती निश्चितपणे मोडते. फरक एवढाच, की आशाला प्रत्येक कामामागे ठरलेला मोबदला मिळतो आणि नोंदींचा भार तिच्यावर वाढत गेला आहे, तर जामखेडच्या पद्धतीत बाईचे वेळोवेळी होणारे शिक्षण आणि गावाचा तिच्यावरील विश्वास यांना प्रथम स्थान होते.

मूल जगले, म्हणजे त्याचा विकास झाला असे मात्र होत नाही. दोन वर्षांच्या अखेरीस मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत पोहोचतो आणि या वाढीला अन्नाइतकीच बोलण्याची, खेळण्याची आणि मोठ्या माणसाने दिलेल्या प्रतिसादाची गरज असते. जमैका बेटावर १९८० च्या दशकात ९ ते २४ महिन्यांच्या १२९ खुरट्या मुलांवर झालेला अभ्यास या बाबतीत निर्णायक मानला जातो. काही मुलांना पूरक आहार दिला गेला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्य कार्यकर्ती जाऊन घरातल्याच वस्तूंच्या खेळण्यांनी बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवीत असे, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळ-संवादाचा लाभ मिळालेल्यांची कमाई इतरांहून सुमारे २५ टक्के अधिक होती. केवळ आहार मिळालेल्यांमध्ये कमाईतील असा टिकाऊ फरक दिसला नाही. पोषण अनावश्यक आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये, कारण उपाशी मुलाशी खेळ रंगत नाही. परंतु आठवड्याला एक तास, घराच्या उंबरठ्यावर येणारी ओळखीची बाई आणि आईचा थोडासा मोकळा वेळ एवढ्या भांडवलावर पुढच्या पिढीचे दारिद्र्य घटू शकते, हे या अभ्यासाने दाखवले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी मिळून मांडलेल्या ‘संगोपन आराखड्या’त आरोग्य, पोषण, सुरक्षितता, प्रारंभिक शिक्षण आणि बाळाच्या हाकेला प्रतिसाद देणारे पालकत्व या पाच बाबी एकत्र बांधल्या आहेत, त्यामागे असेच पुरावे आहेत.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे राखणाऱ्या मुलांच्या कुरणात नेण्यात आली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. या योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला पूरक आहार (२०२३ पर्यंतच्या निकषांनुसार दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तीव्र कुपोषित मुलाला ८०० उष्मांक), लसीकरण, आरोग्य तपासणी आणि तीन वर्षांपुढील मुलांना अनौपचारिक शिक्षण मिळणे अपेक्षित आहे. तीन वर्षांखालील मुलांचा आहार कोरड्या शिध्याच्या किंवा पाकिटाच्या रूपात घरी दिला जातो, त्याला घरपोच आहार म्हणतात. हजार दिवसांच्या हिशेबात अंगणवाडीचा कमकुवत दुवा नेमका हाच आहे: तीन वर्षांवरील मूल सेविकेच्या डोळ्यांसमोर बसून जेवते, पण ज्या वयात जेवणाने सर्वाधिक फरक पडतो त्या वयाच्या बाळाचा वाटा घरात सर्वांत मिसळून जातो आणि त्या घरी जाऊन पाहायला सेविकेला दिवस पुरत नाही. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या या सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर दीर्घ संप केला, तेव्हा वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन यांबरोबर या कामाच्या प्रतिष्ठेचा प्रश्नही त्यात गुंतलेला होता.

राज्य सरकारने एकदा तरी हजार दिवसांच्या या वयावर नेमके बोट ठेवले होते. २००५ मध्ये स्थापन झालेले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन हे देशातील पहिले राज्यस्तरीय पोषण अभियान. त्याने गर्भावस्थेपासून दुसऱ्या वर्षापर्यंतच्या काळावर सर्व खात्यांचे लक्ष एकवटण्याचा प्रयत्न केला. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील दोन वर्षांखालील ३९ टक्के मुले खुरटी होती, तर २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २३ टक्के आढळले. इतक्या थोड्या वर्षांत एवढी घट जगातही क्वचित दिसते आणि तिचे श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही. उत्पन्न, मुलींचे शिक्षण आणि रस्ते-दवाखाने यांतही त्या काळात सुधारणा झाली होती. त्यानंतर मात्र वेग मंदावला. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुरटी, २५.६ टक्के लुकडी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची होती. आधीच्या सर्वेक्षणातील आकडे अनुक्रमे ३४.४, २५.६ आणि ३६ होते. म्हणजे सरासरी तिथेच थबकली, आणि तीव्र लुकड्या मुलांचे प्रमाण तर ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. देशातील आघाडीच्या श्रीमंत राज्यांपैकी एकात दर चार मुलांमागे एक मूल लुकडे असणे ही गोष्ट सरासरी उत्पन्नाच्या भाषेत समजत नाही. ती समजण्यासाठी आईचा दिवस कसा जातो हे पाहावे लागते.

अकोले तालुक्यात तो दिवस डोंगर चढण्यात आणि पाणी आणण्यात जातो. आदिवासी प्रकल्पक्षेत्रात २०१५ पासून चालू असलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण मिळते आणि पुढे मुलांना अंडी किंवा केळी देण्याची सोयही तीत जोडली गेली. घरी नेलेला शिधा बाईच्या वाट्याला येतोच असे नाही, पण पंगतीत बसून जेवलेले तिचेच असते. या दृष्टीने योजनेची रचना शहाणपणाची आहे. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तो गावरान बियाण्यांच्या जतनासाठी, आणि त्यांच्या वाल-घेवड्याच्या, पालेभाज्यांच्या परसबागांचा संबंध थेट बाळाच्या ताटाशी आहे, कारण लहान मुलांच्या आहारात उष्मांकांपेक्षाही विविधतेची, म्हणजे डाळ, भाजी, फळ आणि प्राणिज पदार्थांची, वाण अधिक असते.

जिल्ह्याच्या दक्षिणेत बाईचा दिवस कोयत्याला बांधलेला असतो. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे हत्यार तर आहेच, पण नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयता म्हणतात आणि मजुरीचा करार याच जोडीशी होतो. मुकादम, म्हणजे कारखाना आणि मजूर यांच्यामधला कंत्राटदार, पावसाळ्यातच जोडीला ‘उचल’ देतो. ही आगाऊ रक्कम हंगामभर टनामागच्या मजुरीतून फेडायची असते आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी डोक्यावर राहते. जोडीतील एक माणूस कामावर आला नाही तर ‘खाडा’ कापला जातो. परिणामी गरोदरपण, ताप किंवा बाळाचे आजारपण यांपैकी कशालाही या करारात जागा उरत नाही, कारण बाई थांबली की जोडी मोडते. पहाटे अंधारात फडावर जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, ती रात्री-अपरात्री आली तरी भरायची, आणि मधल्या वेळात कोपीवर येऊन स्वयंपाक-पाणी करायचे, असा हा दिवस असतो. कोपी म्हणजे पाचट, बांबू आणि ताडपत्रीची तात्पुरती खोप. बाळ एकतर तिथे थोरल्या बहिणीच्या ताब्यात असते, किंवा फडाच्या कडेला झोळीत.

या हंगामाची सांगड हजार दिवसांशी घातली की प्रश्नाचे खरे माप कळते. ऑगस्टमध्ये गावात जन्मलेल्या बाळाचा गर्भ आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास राहिलेला असतो, म्हणजे गर्भावस्थेचा पहिला अर्धा भाग, ज्यात लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि पहिली तपासणी व्हायला हवी, फडावर जातो. जन्मानंतर तिसऱ्या महिन्यात टोळी पुन्हा निघते. आशाने बाळाच्या घरी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात जावे असे २०१८ पासूनच्या कार्यक्रमात ठरलेले आहे. या बाळाच्या बाबतीत पहिल्या दोन्ही भेटी हंगामात पडतात आणि गावातल्या घराला कुलूप असते. सहावा महिना फेब्रुवारीत भरतो. आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करण्याचा हा टप्पा सर्वांत नाजूक असतो, कारण त्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, ताजे, मऊ अन्न भरवणारे माणूस आणि स्वच्छ पाणी हवे, आणि कोपीवर या दोन्हींची टंचाई असते. पुढच्या वर्षी हेच बाळ पंधरा महिन्यांचे असताना तिसरा हंगाम येतो. गाळप चार महिन्यांचे होते की सहा, हे दरवर्षी उसावर ठरते. तरी तीन हंगाम मिळून हजारापैकी चारशे-पाचशे दिवस स्थलांतरात जातात, आणि नेमके ते दिवस जातात ज्यांच्यासाठी सगळ्या योजना आखलेल्या आहेत.

सरकारने या कुटुंबांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. टोळीबरोबर आलेल्या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली, आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी प्रतिटन १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच राज्य सरकारने द्यावेत असे ठरले. २०२१ च्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे मंजूर झाली. ज्यांच्या नावाने ही योजना आहे त्यांनी उभारलेला भगवानगड पाथर्डी तालुक्यातच आहे. स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये मोबाईलवर चालणारी प्रणालीही आणली. परंतु वसतिगृहे शाळकरी मुलांसाठी आहेत. पाच-सहा वर्षांखालचे मूल आईवेगळे राहू शकत नाही आणि राहूही नये; ते फडावर जाणारच. किंबहुना वसतिगृहाने मोठ्या बहिणीला शाळेत ठेवले, जे झालेच पाहिजे, की बाळाला सांभाळणारे कोपीवरचे शेवटचे माणूसही निघून जाते. म्हणून फडावरचे पाळणाघर आणि गावातले वसतिगृह या एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत, आणि आजवर त्यांतील एकच बाजू उभी राहिली आहे. मुलींची गळती थांबवू पाहणाऱ्या प्रत्येकाने धाकट्या भावंडांच्या पाळण्याचा हिशेब आधी मांडायला हवा.

माणसांबरोबर चालणारे पाळणाघर ही कल्पना भारतात जुनीच आहे. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मोबाईल क्रेशेस हे काम सुरू केले, ते पुढे मुंबई आणि पुण्यातही आले. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर पुढच्या बांधकामावर जाते. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला त्याच मजुरीवर नेमण्याची तरतूद केली गेली. मळे कामगारांच्या १९५१ च्या कायद्याने चहाच्या मळ्यांवर पाळणाघरे सक्तीची केली. ऊसतोड मजूर मात्र कारखान्याचा कामगार मानला जात नाही, कारण त्याचा करार मुकादमाशी असतो; आणि तो ज्या शेतात काम करतो त्या शेतकऱ्याचाही मजूर नसतो. जबाबदारीची ही पोकळी सोयीची असल्यामुळे टिकून राहिली आहे. तिच्यात सापडलेल्या बाळांच्या श्रमिक आईबापांच्या घामावर याच जिल्ह्यातील सहकारी कारखानदारी वाढली, आणि तिने सभासदांच्या उसातून टनामागे कपात करून शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी केली, जी आजही नगर जिल्ह्याची शान आहेत. टनामागे काही रुपये बाजूला काढून संस्था उभारण्याची विद्या या भूमीला कोणी नव्याने शिकवायला नको.

कायद्याचा आधारही उपलब्ध आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेल्या आदेशानुसार, सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांच्या आत तिला अंगणवाडी मिळाली पाहिजे. मोठ्या कारखान्याच्या आवाराजवळ शेकडो कोप्यांचा जो तळ पडतो, त्यात चाळीस मुले सहज निघतात. अडचण इतकीच की तीन महिन्यांत हंगाम सरत येतो. म्हणून मागणीची वाट न पाहता तळ कुठे पडणार आणि त्यात किती मुले असणार याची यादी हंगामाआधी तयार हवी, आणि ती करणे अवघड नाही, कारण कोणत्या गावची कोणती टोळी कोणत्या कारखान्याकडे जाणार हे मुकादमाच्या कराराच्या वहीत भाद्रपदातच लिहिलेले असते. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची मुभा आहे. टोळीतल्याच एखाद्या बाईला, जिची कोयत्यातील जोडी मोडली आहे किंवा जी नुकती बाळंत झाली आहे, तिला जामखेडच्या पद्धतीने शिकवून, कोयत्याइतकाच मेहनताना देऊन हे काम सोपवता येईल. ती मुलांच्या ओळखीची असेल, त्यांची बोली बोलेल, आणि हंगाम संपल्यावर त्यांच्याबरोबरच गावी परतेल.

हे कोणाच्या सद्भावनेवर सोडण्याचीही गरज नाही. कारखान्याला गाळप सुरू करण्यापूर्वी दरवर्षी पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो, आणि शेतकऱ्याच्या उसाचा केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, ज्याला सगळे एफआरपी म्हणतात, थकवला असेल तर तो परवाना अडवला जातो. ही अट शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून, वर्षानुवर्षे भांडून पदरात पाडून घेतली. त्याच अर्जाला तळाची जागा, पिण्याच्या पाण्याची सोय, सहा वर्षांखालील मुलांची संख्या आणि पाळणाघर चालवणाऱ्या बाईचे नाव एवढा तपशील जोडणे बंधनकारक करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. साखर आयुक्त, महिला व बालविकास विभाग आणि महामंडळ या तिघांनी श्रावणात एकत्र बसून काढलेला शासन निर्णय पुरेसा आहे, आणि त्याची पहिली अंमलबजावणी व्हायला ज्या जिल्ह्यात कारखाना, टोळी आणि जामखेड तिन्ही आहेत तो जिल्हा सर्वांत योग्य आहे.